माटोळीखाली नववी ब

गणिताच्या तासाला मुलांना झोप का येते, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माझा पहिला निष्कर्ष असा होता की तास जेवणानंतर असतो म्हणून. मुख्याध्यापकांना सांगून तो सकाळी पहिला करून घेतला. मुलं सकाळी झोपू लागली.

मी मूळची पेडण्याची. लग्न होऊन डिचोलीला आले आणि तिथल्याच एका हायस्कुलात गणित शिकवू लागले. आमच्या भागातली बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीतून. नववीत येईपर्यंत त्यांची स्वतःची एक पद्धत तयार झालेली असते. पाढे मराठीत म्हणायचे आणि उत्तर इंग्रजीत लिहायचं. मधल्या प्रवासात हातचा राहून जातो. शिक्षकाला वाटतं, या मुलाला गणित येत नाही. मुलालाही तसंच वाटतं. एकदा दोघांचं एकमत झालं की मग कुणाचीच झोप मोडत नाही.

मी उपाय केले नाहीत असं नाही. पुठ्ठ्याचे घन केले, रंगीत खडू आणले. गटचर्चा घेतली. गटचर्चेत मुलांनी मनापासून चर्चा केली, फक्त विषय गणित नव्हता.

त्या वर्षी खाणी बंद होत्या. मुळगावच्या बाजूला रस्त्याकडेला खनिजाचे ट्रक ओळीने उभे असायचे आणि त्यांच्या चाकांभोवती गवत चढलेलं असायचं. नववी बमध्ये शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची, तिच्या वडिलांचा ट्रक त्या ओळीत होता. माणूस सिंधुदुर्गातला. खाणीवर गाडी चालवायला म्हणून आला आणि मुळगावात भाड्याची खोली घेऊन राहिला. जुलैमध्ये एके दिवशी तो शाळेत आला आणि शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"टीचर, आमच्या चेडवाक गणितात काय येता काय?"

"नाही," मी म्हटलं.

खरं सांगितलं की माणसं जरा मोकळी होतात. तो आत येऊन खुर्चीवर बसला.

"गाडी उभी हा. माझी भैण दोडामार्गाक असता, काजूच्या कारखान्यात जाता. ती म्हणता, चेडवाक माझ्याकडे धाड. घरचा करीत, मगे कारखान्यात लागात. हंय बसान नापास होवचा, त्यापरास ता बरा."

"इतर विषयांत पास होते ती."

"होता. ह्या गणितच आडवा येता."

"आणि तिचं काय म्हणणं आहे?"

"तेचा काय म्हणणा? चेडू ता."

मी म्हटलं, सहामाहीपर्यंत थांबा. त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "बरा. सहामाहीत गणितात पास झाला तर ठेवतंय हंय. नाय झाला तर भैण येवन घेवन जातली. मगे माका काय सांगूचा नाय." मी कबूल केलं. असल्या कराराला माझं काही जात नव्हतं. जाणार होती ती मुलगी.

ती मुलगी मला विशेष आवडत होती असंही नाही. माझ्या तासाला ती बाकाखाली हात ठेवून सुतळीला गाठी मारत बसायची. विचारलं तर उठायची, गप्प उभी राहायची, आणि बस म्हटलं की बसायची. गाठी मात्र चांगल्या असत. मी एक जप्त केली होती, ती मला सोडवता आली नाही.

ऑगस्टमध्ये धडा आला निर्देशकांचा. एक आडवा अक्ष, एक उभा अक्ष, दोघे छेदतात तो मूळबिंदू. उजवीकडे आणि वर धन, डावीकडे आणि खाली ऋण. हा धडा सोपा आहे आणि म्हणूनच मुलांना तो कशासाठी आहे ते कळत नाही. मी फळ्यावर दोन रेघा काढल्या, मागे वळले, आणि वर्ग नेहमीच्या स्थितीत गेला होता.

घरी आले तर नवरा माळ्यावरून माटोळीची चौकट उतरवून नळाखाली धूत होता. चतुर्थीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर आढ्याला ही लाकडी पट्ट्यांची जाळी टांगतात आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, काकड्या, रानातली फळं, शेंगा, आंब्याचे टाळ असं सगळं बांधतात. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, सारख्या अंतरावर. मी उभी राहून बघत होते. नवरा म्हणाला, "काय, नीट धुतली नाही?" मी म्हटलं, "जुनी चौकट कुठे आहे?"

मुख्याध्यापकांची परवानगी लागली. ते देवभोळे गृहस्थ आहेत आणि नियमांचे पक्के.

"टीचर, देव नाही आणि माटोळी?"

"सरस्वती आहे ना सर, फळ्याच्या वर."

"सरस्वतीला माटोळी बांधत नाहीत."

"मग चौकट म्हणू."

"चौकट म्हणा," ते म्हणाले. "आणि चतुर्थीच्या आधी बांधा. नंतर बांधली तर लोक विचारतील कुठला देव राहिला."

आम्ही जुनी चौकट दोन बाकांवर आडवी ठेवली. मधली उभी पट्टी आणि मधली आडवी पट्टी तांबड्या रंगाने रंगवून घेतली, त्यांच्या वरच्या अंगाला तैलरंगाने आकडे घातले. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला धन, डाव्या हाताला ऋण. मूळबिंदूला नारळ. बाकीचं मुलांनी घरून आणायचं होतं. मला वाटलं चार जण आणतील. दुसऱ्या दिवशी वर्गात माटोळीचा बाजार भरला. सुपारीचे घोस, तांबडी कवंडळं, लिंबाच्या जातीची तोरिंजनं, घागऱ्यांच्या शेंगा, आंबाडे, एक आख्खा निरफणस. ज्या मुलांनी आजवर वही आणली नव्हती त्यांनी भोपळे आणले.

बांधायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलाने नायलॉनच्या दोरीने भोपळा बांधला. मागच्या बाकावरून आवाज आला.

"नायलॉनाची गाठ सुटतली रे. तुझो भोपळो तुझ्याच टकलेर पडतलो."

त्या मुलीचं माझ्या तासातलं ते पहिलं वाक्य. त्याने लक्ष दिलं नाही. भोपळा पडला. टाळक्यावर नाही, पायावर, पण ते तिने मान्य केल्यासारखं दिसलं. मग ती पुढे आली. तिच्या दप्तरात केवणीच्या सालीची दोरी होती, भिजवून मऊ केलेली. तिने कुणाला न विचारता सगळं सोडवलं आणि पुन्हा बांधायला घेतलं.

"टीचर, आंबाडे खंय?"

"दोन, ऋण तीन."

तिने पट्ट्या मोजल्या, आकडे बघितले, बांधले. "आता?"

"तू सांग. कवंडळ कुठे लावशील?"

"ऋण चार, एक. थंय मोकळा दिसता."

मी कवंडळ तिच्या हातात दिलं. मुलांचं कौतुक वेळेआधी केलं की ती लाजतात आणि परत मागे जाऊन बसतात.

चौकट वर चढवली, वाशांना बांधली. बाकावर बसून वर बघायला लागलं की मान दुखायची, म्हणून बाक भिंतीला लावले आणि जमिनीवर चटया घातल्या. म्हटलं, निजा. वर्ग एका क्षणात निजला. या एका बाबतीत त्यांचा सराव होता. सगळ्यांची डोकी फळ्याकडे, पाय मागच्या भिंतीकडे, अगदी ओळीत. कुणी सांगितलं नव्हतं. मला ते शिस्तीचं लक्षण वाटलं.

मी समोर काठी घेऊन उभी राहायचे. पहिल्या दिवशी काठीने दाखवलं, ही बाजू धन, ही ऋण. वर आकडे दिसत नव्हते, ते पट्ट्यांच्या पाठीवर होते. मुलं नारळापासून पट्ट्या मोजायची. मी म्हणायचे, "तीन, दोन," आणि वर्ग ओरडायचा, "तोरिंजन!" किंवा मी म्हणायचे, "निरफणस," आणि निर्देशक ओरडून यायचे. मग मुलं एकमेकांना विचारू लागली. मग मधल्या सुट्टीतही निजू लागली. ती मुलगी तर वर न बघता सांगायची, सगळं तिनेच बांधलेलं. पहिल्या नंबरच्या मुलाचं उत्तर एकदा चुकलं तेव्हा ती निजल्या निजल्या म्हणाली, "अरे, ता कवंडळ. पायाक भोपळो लागलो तसो डोळ्याकय लागलो काय?"

दोन काकड्या चतुर्थीच्या सुट्टीत कुजल्या. सुट्टीनंतर त्यांचे निर्देशक नाकाने ओळखता येत होते.

एकदा मुख्याध्यापक फेरीवर आले. आख्खा वर्ग उताणा. ते दारात थबकले.

"टीचर, आजारी आहेत?"

"नाही सर. निर्देशक."

"बरं," असं म्हणून ते गेले. पुढच्या वर्गापर्यंत त्यांच्या चपलांचा आवाज येत होता, तो जरा हळू झाला होता.

माझा बेत असा होता की चौकटीवर हात बसला की मग आलेखाचा कागद काढायचा. तो आठवडा ठरलेला होता. त्याच आठवड्यात मला पर्वरीला प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, गणितात विद्यार्थ्यांचा सहभाग कसा वाढवावा. एका गृहस्थांनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं की शिकवणं मुलाच्या अनुभवाशी जोडलं पाहिजे. जेवणानंतर बरेचसे शिक्षक झोपले. इकडे माझे तास खेळाच्या सरांना दिले होते, त्यांनी मुलांना मैदानावर नेलं. मी परतले ती थेट सहामाही परीक्षेवर.

परीक्षेत एक मोठा प्रश्न आलेखाचा होता. अक्ष काढा, दिलेले बिंदू मांडा, जोडा. पेपर देऊन वर्गाबाहेर पडणाऱ्या मुलांचे चेहरे मी बघितले. गणिताच्या पेपरानंतर ते चेहरे असे असतात हे मला माहीत नव्हतं. ती मुलगी जवळून जाताना म्हणाली, "टीचर, ता चौकटीचा सगळा इला."

आमच्या शाळेत नववी बचे पेपर नववी अचे शिक्षक तपासतात. ते सर मांद्र्याचे. त्यांच्या भावाचं समुद्रावर गेस्टहाउस आहे आणि मोसमात खोल्या पाहुण्यांना दिल्या की सर घराच्या ओसरीवर झोपतात. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च त्यांचं तपासणं कडक असतं. ऑक्टोबरातही फारसं मऊ नसतं. तपासलेला गठ्ठा त्यांनी माझ्यासमोर मेजावर ठेवला.

"टीचर, तुमच्या वर्गाने एकमताने चूक केली आहे."

मी पहिला पेपर उघडला. दुसरा. पाचवा. सगळ्यांच्या आलेखात धन बाजू डावीकडे होती. आकडे व्यवस्थित, बिंदू नेमके, रेघा सरळ, आणि आख्खी आकृती आरशात बघावी तशी उलटी. पहिल्या नंबरच्या मुलाची उलटी. वर्षभर काहीच न लिहिणाऱ्यांचीसुद्धा उलटी, आणि काय सुबक. सरांनी सगळ्यांना शून्य दिलं होतं. मी त्या मुलीचा पेपर शोधला. बाकीच्या प्रश्नांत तिने थोडंथोडं जमवलं होतं. आलेखाचे गुण धरले तर पास, नाही धरले तर नापास. शून्य तिच्या आलेखालाही होतं, तांबड्या पेनाने, गोल आणि ठसठशीत.

सर म्हणाले, "कॉपी आहे. मी मुख्याध्यापकांना सांगितलंय."

मुख्याध्यापकांनी आख्खा पेपर रद्द करायची भाषा सुरू केली. मी म्हटलं, आधी एकेकाला बोलावून विचारू. चार-पाच मुलांना वेगवेगळं बोलावलं, कोऱ्या कागदावर बिंदू मांडायला सांगितलं. प्रत्येकाने धन बाजू डावीकडे काढली, न अडखळता. मांद्र्याचे सर गोंधळले. "कॉपी असती तर इथे एखाद्याने तरी चूक केली असती," ते म्हणाले. "म्हणजे, बरोबर काढलं असतं."

मग ती मुलगी आली.

"प्लस खंयच्या बाजूक?" मुख्याध्यापकांनी विचारलं. ते चिडले की कोकणीवर येतात.

"डाव्या."

"कोणे शिकयलें?"

"टीचरनी."

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "उजवी बाजू धन, असं मी शिकवलं. चौकटीवर आकडेसुद्धा तसेच घातलेत."

"नाय टीचर," ती म्हणाली. "तुमीच काठयेन दाखवलात."

"दाखव कसं ते."

तिने ऑफिसात चारी भिंतींवर नजर फिरवली. मुख्याध्यापकांच्या कपाटाच्या वर गणपतीचा फोटो होता. ती कपाटाजवळ गेली, फोटोकडे डोकं करून फरशीवर उताणी निजली आणि डावा हात छताकडे उचलला. "हेवटेन. नारळाच्या ह्या बाजूक प्लस."

मुख्याध्यापक खुर्चीतून उठले. "ऊठ, ऊठ, फरशी थंड आहे." ती उठली नाही. प्रश्न अजून संपलेला नाही असं तिला वाटलं असावं.

"डोकं तिकडे कशाला केलंस?" मी विचारलं.

"मगे देवाकडे पाय कसे करतलंय, टीचर?"

मुख्याध्यापकांनी फोटोकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे. "बरोबर आहे," ते म्हणाले.

वर्गात फळ्याच्या वर सरस्वती होती. तिच्याकडे पाय करून निजायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, म्हणून सगळी डोकी फळ्याकडे. फळ्याकडे तोंड करून बसलं की जी बाजू उजव्या हाताला येते, ती फळ्याकडे डोकं करून निजलं की डाव्या हाताला येते. हे समजायला गणित लागत नाही, निजावं लागतं. वर्गात न निजलेली मी एकटी होते.

मांद्र्याच्या सरांनी कोरा कागद डोक्यावर धरला, स्वतःभोवती एक फेरी मारली, आणि खाली घेतला. "हं," ते म्हणाले. मग त्यांनी मुलीचा पेपर पुन्हा काढला आणि बराच वेळ बघत राहिले. "सर, गणिताच्या दृष्टीने बघितलं तर ही चूक नाही. अक्षांवर आकडे घातलेत, आणि त्या आकड्यांप्रमाणे बिंदू बरोबर आहेत. धन बाजू उजवीकडे, हा रिवाज आहे."

"आणि बोर्डाच्या दृष्टीने?"

"बोर्डाच्या दृष्टीने शून्य."

"आपण बोर्डाची शाळा चालवतो," मुख्याध्यापक म्हणाले. मग फोटोकडे बघून म्हणाले, "पण देवाकडे पाय केले नाहीत म्हणून मी मुलांना नापास करणार नाही. तेवढा प्रश्न परवा पुन्हा घ्या. रिवाजाप्रमाणे काढला तर गुण, नाही तर नाही."

दुसऱ्या दिवशी मी चौकट उतरवली, बाक जागेवर लावले आणि सांगितलं की कागदावर उजवी बाजू धन.

"मगे इतके दिवस?" वर्गातून आवाज आला.

"इतके दिवस वरचं होतं. आता खालचं."

बहुतेकांना ते तासाभरात जमलं. ज्यांना एक गोष्ट पक्की येते त्यांना ती उलटी करता येते, असं मला वाटत होतं. त्या मुलीला ती सगळ्यांत पक्की येत होती, आणि तिलाच जमेना. पेन्सिल डावीकडे जायची, थांबायची, उजवीकडे यायची. मग डावं-उजवं बदलायचं म्हणून ती वर-खालीही बदलू लागली. शाळा सुटल्यावर तिने पाचेक आलेख काढले आणि पाचही वेगवेगळ्या तऱ्हेने चुकले. त्यापेक्षा आधीची एकच चूक बरी होती.

"टीचर, माका ता वरती दिसता," ती म्हणाली. "कागद खालती असता. कसा करू?"

"ते मला सांगता येणार नाही. मला ते वरती दिसत नाही."

"उद्या आते येतली."

"माहीत आहे."

"बाबा सांगी होते, तेणी आतेक येवक सांगलेला. पास होतंय काय नाय ता बघुकय नाय."

मी म्हटलं, "मग तू बघ." तिने आलेखांचे कागद दप्तरात भरले आणि गेली. मला वाईट वाटलं की नाही हा प्रश्न नव्हता. माझ्याकडे शिकवायची दुसरी रीत नव्हती, आणि नसलेली रीत चेहऱ्यावर आणून उपयोग नसतो.

फेरपरीक्षा मांद्र्याच्या सरांनी घेतली. मी दारात उभी होते, आत जायची मला परवानगी नव्हती. बाकीची मुलं कामाला लागली. ती मुलगी कागदाकडे बघत बसून राहिली. मग तिने एकदम खाली मान घालून भराभर काढायला सुरुवात केली, आणि माझ्या जागेवरून मला दिसलं की धन बाजू डावीकडेच चालली आहे. बिंदू झाले, रेघा झाल्या. ती उठून उभी राहिली.

"सर, जनेलाकडे जाव?"

"कशाला?"

"उजेड व्हयो."

"खिडकीत कशाला? इथे दिवा आहे."

"ह्यो उजेड वरसून येता. माका पाठसून व्हयो."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी अंगणातल्या नळाकडे बघत राहिले. "जा," ते म्हणाले, "पण बाहेर बघायचं नाही."

तिने कागद पालथा करून खिडकीच्या काचेवर दाबला. बाहेर ऊन होतं, पातळ कागदातून पलीकडची आकृती आणि चौकोन दिसत असणार. तिने पालथ्या बाजूवर अक्ष गिरवले, बिंदू गिरवले, रेघा जोडल्या, आकडे नव्याने घातले. मग बाकावर येऊन मूळची बाजू खोडरबराने खोडली. कागद दिला तेव्हा त्याला दोन ठिकाणी भोकं पडायला आली होती.

मुलं गेल्यावर सर तो कागद उलटसुलट करत बसले.

"मागच्या बाजूला सोडवलंय हिने."

"बिंदू बरोबर आहेत?"

"आहेत."

"धन उजवीकडे?"

"उजवीकडे." त्यांनी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली. "मागच्या बाजूला सोडवू नये असं कुठे लिहिलेलं नाही," ते नाराजीने म्हणाले. नीटनेटकेपणाचा एक गुण त्यांनी कापला. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती, कागद खरोखरच घाण झाला होता. बाकीचे गुण दिले. बेरीज मी केली, त्यांनी केली, मग दोघांनी एकमेकांची तपासली. ती पास होत होती. काठावर, पण पास.

दुपारी शाळेच्या अंगणात वडील आणि आते आले. आते सकाळच्या बसने दोडामार्गाहून आली होती. हातात रिकामी पिशवी, मुलीचे कपडे न्यायला. उंच, हाडाची, बसायला सांगितलं तरी न बसणारी बाई.

"झाला काय नापास?" तिने मला विचारलं. "माका बस गाठूची हा."

"पास झाली."

"गणितात?"

"गणितात."

आते भावाकडे वळली. "तू तर म्हणा होतस, होवचा नाय म्हणान."

"ह्या टीचरांनीच सांगलेला, तेका येना नाय."

"तेव्हा येत नव्हतं," मी म्हटलं.

"मगे आता काय? मी खाट मोकळी करून इलंय. कारखान्यात सांगून ठेवलंय."

वडिलांनी चपलेने जमिनीवरची माती इकडची तिकडे केली. करार त्यांचा होता, मी फक्त वेळ मागून घेतला होता. त्या वेळी मुलगी दारापाशी येऊन उभी होती, ती वडिलांकडे बघत नव्हती, पिशवीकडे बघत होती.

"मी शब्द दिलंय," वडील शेवटी म्हणाले.

"शब्द! गाडी उभी करून ठेवलीस नि शब्द देत फिरतस." आतेने माझ्याकडे बघितलं. "आणि वर्साक नापास झाला तर?"

"तर परत या."

"म्हणजे माका परत खेप."

"हो."

तिने पिशवीची घडी घातली, ती काखेत धरली आणि मुलीकडे बघितलं. "काय गे, शिकतलंस?"

"व्हय."

"रव मगे हंयच. बापाशीक जेवक घाल, सुकलो हा." एवढं बोलून ती फाटकाकडे चालू लागली, आणि वडील तिच्यामागून तिला बसवर घालायला गेले. जाताना त्यांनी मला हात जोडले नाहीत की काही म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं. आभार मानले असते तर मला काय म्हणावं ते सुचलं नसतं.

मुलगी अजून तिथेच होती.

"तास कसला चालू आहे?" मी विचारलं.

"भूगोल."

"मग इथे काय करतेस?"

"आते जाता काय नाय ता बघतंय."

मी फाटकाकडे पाहिलं. दोघं वळणावरून दिसेनाशी झाली होती.

"गेली ती," मी म्हटलं. "आत हो."

ती आत गेली.